दिवेलागणीची सावड

शपथा घेण्यात माझा हात धरणारा सबंध लोणावळ्यात कोणी नव्हता. देवाची घेतली, आईची घेतली, एकदा तर स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाकडे बोट करून घेतली. दर वेळी अगदी मनापासून घेतली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आणि दर वेळी आठ-पंधरा दिवसांत, कामावरून सुटलो की पाय आपोआप बाजारामागच्या गुत्त्याकडे वळायचे. गुत्ता म्हणजे परवान्याचं देशी दारूचं दुकान. मालक सज्जन माणूस होता. मी शपथ घेतल्याचं कानावर गेलं, तरी कोपऱ्यातला माझा बाक तो दुसऱ्याला देत नसे. माझ्याबद्दल त्याची खात्रीच तेवढी होती.

मी तेव्हा पस्तिशीला टेकलेला, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून. आंब्याच्या करंड्या, गुडदाणीचे, म्हणजे चिक्कीचे, डबे, हवा खायला आलेल्या साहेबांच्या ट्रंका, सगळं माझ्या हाताखालून जायचं. कामात मी चोख होतो. दिवसा थेंबाला शिवत नसे आणि त्याचा मला भारी तोरा. दिवसभर न पिणाऱ्या माणसाला दारुडा कसं म्हणता येईल, असं मी बायकोला विचारायचो. विचारायचो तेही झिंगलेला असताना.

बायको कार्ल्याची, शेतकऱ्याघरची. एरवी बोलणं मोजकं, पण बोलली की मुद्द्याचंच. संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. आदल्या संध्याकाळी मी घरी आलो तो चुलीपाशी कोलमडलो, आणि उकळत्या आमटीचं पातेलं लेकीपासून वीतभर अंतरावर कलंडलं. लेक चार वर्षांची. तिला काही झालं नाही. सकाळी हे मला कळलं. आणि मी काय करावं? लेकीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घ्यायला तोंड उघडलं.

"हात काढा," बायको म्हणाली. "तिच्या डोस्क्यावरचा हात काढा आदी."

मी काढला. तिनं लेकीला आपल्या मागं घेतलं.

"शपता लय झाल्या. त्या नगंत आता. दिवेलागणीला कुटं बसणार ते ठरवा. कुणासंगं बसणार ते ठरवा. ठरलं आन् टिकलं की सांगावा धाडा. तवर आमी कार्ल्याला."

सकाळच्या पॅसेंजरनं दोघी मळवलीला, म्हणजे कार्ल्याच्या स्टेशनाला, गेल्या. त्यांची पत्र्याची पेटी मीच गाडीत चढवून दिली. लेकीनं खिडकीतून हात हलवला, बायकोनं नाही.

मला राग आला होता. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या ऑफिसातल्या हमालांनाही ठाऊक होतं. 'दारू सोडा' म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पण तिनं नेमकं दुखणं पकडलं होतं. पाच वाजता ऑफिसला कुलूप लागायचं, सात वाजता भाकरी खायची. मधल्या दोन तासांत माझं काय करायचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यापुरतं कुणाच्यात तरी बसायला हवं होतं, आणि मला बसता येईल अशी माणसं एका गुत्त्यावरच होती.

तेव्हा निघालो बैठक शोधायला. पहिल्यांदा अर्थातच भजनी मंडळ. मारुतीच्या देवळात ते बसायचे. माणसं सोन्यासारखी. मला झांज दिली, पुढं बसवलं. माझी झांज एकदा तालाच्या आधी जायची, एकदा नंतर, तरी कोणी हसलं नाही. पण मंडळाचे बुवा अभंगाचा अर्थ सांगायला लागले की पतित शब्द आला रे आला, सगळ्यांची मान माझ्याकडे वळायची. मायेनंच वळायची, तेच तर अवघड! त्यांच्या मायेखाली मी अर्धा होऊन जायचो. शिवाय मंडळ बसायचं गुरुवारी आणि एकादशीला. मला तर रोज संध्याकाळ होत होती. तिसऱ्या शुक्रवारी मी कोपऱ्यातल्या बाकावर परत जाऊन बसलो.

मग दारूबंदीची सभा. पुण्याहून दोन विद्वान गृहस्थ आले होते, वाचनालयात कार्यक्रम होता. पडद्यावर दिव्याच्या उजेडात त्यांनी दारुड्याच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं चित्र दाखवलं. ते बघून माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. शेवटी एका कार्डावर सही करायची होती. मी पहिला उठलो. तर काय हो, त्यांनी मला अध्यक्षांशेजारच्या खुर्चीत बसवलं, माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि 'आदर्श उदाहरण' म्हणून माझ्यावर पाच मिनिटं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे कान तापले. सभा संपल्यावर मी थेट कुठं गेलो ते सांगायला नकोच. हार गळ्यात तसाच होता.

"आज लगीन कुणाचं?" गुत्तेवाल्यानं विचारलं.

तालमीचंही करून पाहिलं. वस्तादानं पहिल्याच दिवशी पन्नास बैठका सांगितल्या. सतराव्या बैठकीला कमरेत उसण भरली ती चार दिवस पार्सल ऑफिसात उभं राहूनच पावत्या फाडल्या. तालमीनं माझी दारू सुटली नाही, तालीम मात्र तत्काळ सुटली.

या सगळ्या भल्या लोकांत माझ्यासारखा मीच एकटा होतो. मला वाटायचं, वाईट संगतीनं बिघडलो, तेव्हा चांगल्या संगतीनंच सुधारायला हवं. सगळे हेच सांगायचे. पण चांगल्या माणसांत बसलो की मला माझी इतकी लाज वाटायची, की ती बुडवायला संध्याकाळी काहीतरी लागायचंच.

चैत्राचे दिवस होते. भुशीचा एक म्हातारा पाथरवट पार्सल सोडवायला आला. तरुणपणी धरणाच्या भिंतीचे दगड घडवलेला माणूस. आता घरोघरच्या जात्यांना टाकी लावून द्यायचा. गुळगुळीत झालेलं जातं छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायचं, म्हणजे टाकी लावायची. त्याच्या नव्या छिन्न्या मुंबईहून आल्या होत्या. मी पावती लिहायला घेतली, आणि टाक असा थरथरला की 'छिन्नी' शब्दावर शाईचा डाग पडला. दोन दिवस मी स्वतःच्या हिमतीवर कोरडे काढले होते.

म्हातारा माझ्या हाताकडे बघत होता.

"कितवा दिस?" त्यानं विचारलं.

"तुम्हांला काय करायचंय? पार्सल घ्या आणि चालू लागा!" मी खेकसलो.

त्यानं आपला हात टेबलावर ठेवला. तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. "माजा चवथा," तो म्हणाला. "चवथा लय वंगाळ बगा. भाऊ, सांजच्याला भुशीला येता का? माज्यापाशी बसाया. आज माजी काय धडगत न्हाई. उद्या मी तुमच्याकडं यीन. सावड."

सावड म्हणजे काय, हे मावळात कोणाला सांगावं लागत नाही. आज तू माझ्या शेतावर राबायला ये, उद्या मी तुझ्या. त्यात उपकार नाहीत, आभार नाहीत, कोण थोर कोण लहान नाही. फक्त आलेली पाळी फेडायची. पण बसण्याची सावड मी जन्मात ऐकली नव्हती. आणि खरं सांगू? गेल्या कित्येक वर्षांत मला सुधारायला शंभर लोक आले होते, माझी गरज आहे म्हणून कोणी आलं नव्हतं. मी भांबावून 'बरं' म्हणालो.

पाचला कुलूप घातलं आणि तासभर चालत भुशीला गेलो. म्हातारा दाराबाहेर जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, घेऊन बसला होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की जणू मी जावईच आलोय.

"धरा ही," त्यानं तळी दाखवली. "हात थरथरतोय तर दगडावर ठिवा. दगूड न्हाई थरथरत."

मी धरली. तो टाकी मारत होता, बारीक कपच्या माझ्या मनगटावर उडत होत्या. मग तो एकदम म्हणाला, "भाऊ, घरात लपवून कुटं ठिवायचा तुमी?"

मी चमकलो. हे मला भजनवाल्यांनी विचारलं नव्हतं, की पुण्याच्या विद्वानांनीही नाही. खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्या म्हाताऱ्याशी खोटं बोलण्यात काही अर्थच नव्हता.

"घरात नाही. ऑफिसात. मोठ्या वजनकाट्याच्या खाली, जिथं कोणी झाडत नाही तिथं."

"आन् काट्याला वजन न्हाई भरायचं?"

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, मला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मग त्यानं सांगितलं, की तो जात्याच्या खुंट्याच्या भोकात कागदात गुंडाळून छोटी शिशी ठेवायचा, आणि एकदा म्हातारीनं पहाटे दळायला घेतलं तर पिठाला दारूचा वास! त्या भाकरी म्हातारीनं निमूट त्यालाच खायला घातल्या. मीही पोट धरून हसलो. ज्या गोष्टीची लाज उराशी धरून हिंडत होतो, तिच्यावर मी पहिल्यांदाच कोणाबरोबर तरी हसत होतो. घरी परतताना लक्षात आलं की सात वाजून गेलेत आणि गुत्त्याची आठवणच झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या क्वार्टरवर आला. त्याला काय करायला द्यावं मला सुचेना. शेवटी दोघांनी मिळून पिठलं केलं. गुठळ्या इतक्या, की त्या मोजून वाटून घेतल्या असत्या तरी चाललं असतं. तिसऱ्या दिवशी परत मी भुशीला. असं महिनाभर चाललं. मग स्टेशनाबाहेरचे टांगेवाले चाचा एक दिवस मला वाटेत गाठून म्हणाले, "बाबू, तुमी रोज त्या पाथरवटाकडं कशाला जाता, मला म्हाईत हाय. मलाबी घ्या सावडीत. कैक वर्सं मशिदीत मागंच उभा ऱ्हातोय मी. फुडं जायला तोंड न्हाई मला." चाचा मूळचे तळेगावाकडचे, आडदांड, चारचौघांत आवाज असा की गाडीची शिटी झक मारेल. ते वाक्य मात्र त्यांनी घोडीच्या मानेकडे बघत म्हटलं.

तिघांची सावड झाली. एक दिवस भुशी, एक दिवस माझं क्वार्टर, एक दिवस चाचांचा तबेला. तिथं घोडीला खरारा करायचा, दाणा भिजवायचा. उपदेश कोणी करत नसे, करायला तोंडच नव्हतं कोणाला. ज्याच्या घरी पाळी त्यानं गुळाचा चहा द्यायचा, आणि जो आला नाही त्याला बाकीच्या दोघांनी जाऊन बघायचं, एवढीच रीत आपोआप पडली.

ती रीत मलाच उपयोगी पडली. वैशाखात बंगल्यावर उतरलेला एक साहेब परत जाताना, सामान नीट चढवून दिलं म्हणून मला एक बाटली देऊन गेला. विलायती! मी ती परत करायला धावलो नाही, हे कबूल करतो. संध्याकाळी तबेल्यात जायच्या ऐवजी मी क्वार्टरमध्ये दार लावून बसलो होतो, बाटली अर्धी झाली होती. दोघं आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. म्हाताऱ्यानं नुसती माझी चप्पल उचलून पुढं ठेवली. चाचांनी मला टांग्यात घातलं, तबेल्यात नेलं आणि खराऱ्याचा ब्रश हातात दिला. घोडी वास येताच फुरफुरून बाजूला झाली.

"ती न्हाई माफ करत," चाचा म्हणाले. "आमी करतो. घासा."

मी रडत रडत घोडी घासली. अशी दोन माणसं मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाहीत आणि मिळायची गरजही पडली नाही.

त्यानंतर ज्येष्ठ पुरा कोरडा गेला. मग मी कार्ल्याला सांगावा धाडला, की बैठक सापडली, टिकलीय, आता या. मळवलीच्या हमालाकरवी उत्तर आलं: आषाढात आबांच्या शेतावर भातलावणीची इर्जिक आहे. त्या दोघांना घेऊन या. माणसं बघीन, मग सांगीन.

इर्जिक म्हणजे गावानं एका दिवसात एकाचं शेत उरकून द्यायचं, आणि धन्यानं गावाला पोटभर जेवू घालायचं. आम्हा तिघांना वाटलं, बरं झालं, चार हात दाखवू, आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मन जिंकू. पहाटेच टांगा जोडला. वाटेत चाचा गात होते, म्हातारा त्यांच्या गाण्याला नावं ठेवत होता. आता माझ्या मूर्खपणाला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा! मी मावळात जन्मलो, लहानपणापासून इर्जिकी पाहिल्या, आणि इर्जिकीच्या शेवटी जेवणाआधी मोहाच्या दारूचा घडा फिरतो, हे मला एकदाही आठवलं नाही. म्हाताऱ्याला नाही, चाचांना नाही. पन्नास वेळा ज्या घड्यापायी आम्ही दुसऱ्यांच्या शेतात राबायला पळालो होतो, तोच विसरून आम्ही गात गात निघालो होतो.

दिवसभर राबलो. चाचांचे पाय चिखलात असे रुतले की त्यांना दोन बायांनी ओढून काढलं. माझ्या रोपांची ओळ वाकडी गेली म्हणून सासऱ्यांनी "पाव्हणं, आगगाडीचा रूळ घाटात वळतो तशी लावताय व्हय?" म्हणून सगळ्यांना हसवलं. सासरे म्हणजे भारदस्त माणूस, मिशा पांढऱ्या, शब्दाला गावात मान. रोज संध्याकाळी घ्यायचे, उघड घ्यायचे, कधी तोल गेला नाही. "पितं कोण न्हाई? जिरवाया पायजे," हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. बायको दिवसभर चुलीपाशी, माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पण म्हाताऱ्याला आणि चाचांना तिनं दोनदा आपण होऊन ताक नेऊन दिलं.

दिवस कलायला आला तसे सगळे अंगणात पंगतीला बसले. आणि सासऱ्यांनी घरातून घडा आणला.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इर्जिकीचा पहिला पेला वयानं सगळ्यांत मोठ्याचा, दुसरा घरच्या जावयाचा. नको म्हणणं म्हणजे धन्याच्या दारात थुंकणं. सासऱ्यांनी पेला भरला आणि पाथरवटाच्या हातात दिला. वास माझ्यापर्यंत आला. पहिल्या धारेची होती. दारात बायको उभी होती, कडेवर लेक. बापाच्या अंगणात, गावासमोर, तिला बोलता येणार नव्हतं, आणि ती नुसती बघत होती. हा म्हातारा प्यायला तर मी पिणार, मी प्यायलो की चाचा पिणार, आणि मग बायको घरात जाऊन दार लावून घेणार आणि ते पुन्हा माझ्यासाठी उघडणार नाही. हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. चवथ्या दिवशी थरथरला होता तसा. त्यानं एकदा पेल्यात पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि बांधावरच्या शेंदूर लावलेल्या म्हसोबाकडे चालत गेला. म्हसोबाला दोन थेंब शिंपडायचे, मग आपण प्यायची, ही रीतच होती. म्हाताऱ्यानं सगळा पेला ओतला.

"द्येवाचं द्येवाला," तो म्हणाला आणि येऊन बसला.

दुसरा पेला माझा. मीही उठलो, जाऊन ओतला. हात कसे नेले देव जाणे. तिसरा चाचांचा. ते उठले, अडखळले, पेला माझ्यापुढं धरला आणि कुजबुजले, म्हणजे त्यांच्या मानानं कुजबुजले, पण सगळ्या पंगतीला ऐकू गेलं: "बाबू, मी तुमच्या द्येवाला कसा घालू? माज्या वाटचा तुमीच घाला. शेजारी म्हनून."

पंगत खो खो हसली, मी तोही ओतून येऊन बसलो. सासरे हसले नाहीत.

"पाव्हणं!" ते गरजले. "माज्या दारात माजा पेला वतता? माजी इर्जिक नासवाया आलायसा?"

माझंही डोकं सणकलं. चार जळजळीत शब्द तोंडाशी आले होते. पण उभा राहिलो तेव्हा तोंडातून भलतंच निघालं.

"मामा, एक घेतला तर मी थांबत नाही. ह्या दोघांचंही तसंच आहे. रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांना धरून बसतो, म्हणून आज तुमच्या शेतात उभे राहू शकलो. ह्यात तुमचा अपमान वाटला असेल तर हवं ते बोला. पिणार मात्र नाही."

असं मी कधी कोणासमोर बोललो नव्हतो. सासऱ्यांनी घडा खाली ठेवला आणि घरामागं निघून गेले. लोकांनी आपापले पेले आपणच भरून घेतले, जेवणं झाली, पण सासरे पंगतीला आले नाहीत. आम्ही तिघंही मान खाली घालून कसेबसे चार घास गिळून उठलो. सगळं घालवलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो. बायको कुठं दिसेना. चाचांनी घोडी जोडली, म्हातारा टांग्यात चढला.

सासरे घरामागून आले. डोक्याला पटका नव्हता, डोळे लाल होते. मला वाटलं, झालं, घेऊन आले आणि आता हात उचलणार. जवळ आले तर तोंडाला वास नव्हता.

"तुमची ती सावड," ते हळू आवाजात म्हणाले, "वार कसं वाटून घेता?"

ते थट्टा करत असावेत असं मला वाटलं. त्यांनी टांग्याच्या चाकाला हात टेकला.

"मी कंदी पडलो न्हाई. कंदी कुनाला शिवी दिली न्हाई. म्हनून मला वाटायचं आपलं काय न्हाई. हिची आई रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर बसायची. तीस वर्सं बसली. मला वाटायचं, वाऱ्याला बसती." त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "आत्ता घरामागं ठिवलेल्या दुसऱ्या घड्यातनं पेला भरला, आन् म्हनलं बघू, एक दिस ठिवता येतोय का. हात ऐकंना, पाव्हणं. सगळा घडा मातीत वतला तवा कुटं हितवर आलो."

लोणावळ्यात माझ्यासाठी नुसती बसायची जागा मागणारी माझी बायको हे कुठल्या घरात शिकून आली होती, ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या घरातून ती माहेरी आली होती, आणि इथंही रोज संध्याकाळी बापासमोर बसत होती.

ती मागं येऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. पदराचं टोक तोंडात धरलं होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लेकीनं आजोबांचं धोतर धरलं होतं. बायकोनं डोळे पुसले, बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग टांग्याकडे वळून म्हणाली,

"चाचा, घोडी सोडा. आज आबांची पाळी हाय, आज समद्यांनी हितं बसायचं. सकाळच्याला आमी दोघीबी तुमच्यासंगं येतो लोनावळ्याला."

चाचांनी घोडी सोडली.